हसनाबादची रीत

आमच्या ह्यांनी, म्हणजे भालचंद्र वकिलांनी, कायद्यात डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं तेव्हा जुन्या जालन्यात त्याची निकड कोणालाच नव्हती. गल्लीतल्या अडत्यांना आणि कापडवाल्यांना दावा चालवणारा वकील पुरत होता. माझ्या सासऱ्यांनी तर सरळ विचारलं, "डॉक्टर झालास म्हणून अशील वाढतील का?" हे म्हणाले, "नाही." "मग कमी होतील का?" "तेही नाही." सासरे म्हणाले, "मग काही हरकत नाही, हो डॉक्टर," आणि पुन्हा पान लावायला बसले.

ही एकतीस-बत्तीस सालची गोष्ट. अदालतीतलं काम उर्दूत, घरातलं बोलणं मराठीत आणि ह्यांचा प्रबंध इंग्रजीत. तीन चुली एकदम पेटवल्या की एखादीवरचं करपणारच, आणि आमच्याकडे करपायचं ते नेहमी घरातलं. मी जेवायला हाक मारायची आणि हे ओसरीवरून "हाजिर" म्हणून तिथेच बसून राहायचे.

प्रबंधाचा विषय मला त्यांनी इतक्यांदा समजावून सांगितला होता की मीच तो विद्यापीठात जाऊन सांगितला असता. पोथीतला कायदा एक असतो आणि गावात चालतं दुसरंच. पण गावची रीत जुनी असेल, मध्ये कुठे खंडली नसेल आणि सगळ्यांना मान्य असेल, तर अदालत पोथी बाजूला ठेवते आणि रीत मानते. अशा रीती गावोगाव हिंडून गोळा करायच्या आणि त्यांचं शास्त्र मांडायचं. ह्यांच्या प्रोफेसरांनी बजावलं होतं, की पुस्तकातून पुस्तकात उतरवलेल्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही, कोणी न टिपलेली एक तरी रीत तुम्ही स्वतः शोधून आणा. पदवी त्या एका रीतीवर अडली होती. हे रविवार आला की दमणी जुंपून निघायचे आणि परत यायचे ते इतरांनी आधीच लिहून ठेवलेलं घेऊन. तोंड असं उतरलेलं असायचं की मला त्या गावांचाच राग यायचा. एवढा भला माणूस दारात येतो, तर एखादी रीत काढून द्यायला काय जातं?

म्हणून हसनाबादहून हे पाय न धुताच स्वयंपाकघरात आले तेव्हा मी ओरडले नाही. चेहराच सांगत होता.

"सापडली," हे म्हणाले. "कुठल्याच पुस्तकात नाही अशी."

रीत अशी होती. भाऊ-भाऊ एकत्र राहतात, शेत सामाईक आहे, आणि एकाला मुलगा नाही, नुसती मुलगी आहे. पोथीप्रमाणे तो गेला की सगळं दुसऱ्या भावाच्या घराकडे जातं. पण हसनाबादेत त्या मुलीला घरजावई आणला, की एका शेताची माती पंचांसमोर तिच्या ओटीत घालतात. त्या घडीपासून ते शेत मुलीचं. भावाने हूं की चूं करायचं नाही.

"सगळ्यांनी एकच सांगितलं," हे म्हणाले. "कारभारी पाटलांनी, कोळ्यांनी, सुतारांनी. शेजारच्या दोन गावांतही तेच. शब्दन्‌ शब्द तेच. 'बापजाद्यापासून चालत आलेलं हाय.' अगं, याच्यावर माझं पाचवं प्रकरण उभं राहतं."

मी भाकरी थापत होते. हात थांबला.

"मातीची ओटी?"

"हो."

"कोण्या बाईनं भरून घेतली?"

"रीत आहे म्हटल्यावर घेणारच की. तुम्हां शहरातल्या बायकांना काय ठाऊक?"

माझा पारा चढला. मी शहरातली खरी, पण बाई होतेच ना. ओटीत तांदूळ घालतात, गहू घालतात, खण-नारळ घालतात. माती माणसाला कधी देतात ते आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आपण मयताला जातो त्याला मातीला जाणं म्हणतो. नव्या नवरीच्या पदरात भर मांडवात कोणी माती टाकली असती तर तिच्या आईने त्याचे हात धरून त्याला बाहेर काढला असता. आणि शब्दन्‌ शब्द तेच? चार घरच्या चार भाकरी कधी सारख्या लागत नाहीत. सारख्या लागल्या तर त्या एकाच तव्यावरच्या असतात.

पण एवढं सगळं मी बोलले नाही. ह्यांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी पाणी आलं होतं, आणि ते आनंदाचं होतं. मी एवढंच म्हटलं, "पुढच्या रविवारी मीही येते."

"तू येऊन काय करणार?"

"तुम्ही चावडीत बसा. मी चुलीपाशी बसते."

हसनाबादेत आमची उतरायची सोय पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याकडे केली होती. पुंजाराम आणि त्यांचे थोरले भाऊ रखमाजी एकत्र राहायचे. थोरल्याला एकच मुलगी, आई नसलेली दुर्गा. तिला नुकताच घरजावई आणलेला. पुंजारामांच्या बायकोचं नाव चतुराबाई, आणि नाव ठेवणाऱ्यानं विचार करूनच ठेवलं असावं. ह्यांना घेऊन पुरुष मंडळी चावडीकडे गेली आणि चतुराबाईंनी मला पाट दिला.

थोडं इकडचं-तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडे म्हणे मुलीची ओटी मातीनं भरतात?"

चतुराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दुर्गा शेंगा निवडत होती, तिने मान आणखी खाली घातली. मग चतुराबाई पदराआड हसायला लागल्या, आणि बराच वेळ हसत राहिल्या.

"वकीलीणबाई, माती कोण घेईल वो ओटीत? माती मेल्यावर टाकतेत."

"मग ही रीत?"

"पुरुषांनी चावडीत बसून काढली. आम्हाला इचारलं असतं तर ज्वारी तरी सांगितली असती. आता सगळ्या गावाला पाठ करून दिली, भोकरदनच्या रस्त्याला सोयरे हायेत त्याह्यलाबी निरोप धाडला. मंग बदलता येईना."

खरी हकीकत अशी निघाली. रखमाजी थकले होते. आपल्यामागे दुर्गाला नदीकाठचं शेत मिळावं एवढीच त्यांची इच्छा होती. कायद्याने भावाकडे वाटणी मागून आपला हिस्सा वेगळा करता आला असता, मग तो मुलीलाच गेला असता. पण ज्या भावाबरोबर जन्मभर एका ताटात जेवले, त्याच्याकडे वाटणी मागायची म्हणजे रखमाजींना मरणाहून जड. म्हणून ते तोंडच उघडत नव्हते. तेवढ्यात ह्यांची दमणी आसपासच्या गावांत हिंडायला लागली, आणि जालन्याचा वकील लोकांना रीती विचारत फिरतो, त्याच्या पुस्तकात आलेली रीत न्यायाधीशसुद्धा मानतात, असं गावाला कळलं. कारभारी पाटलांनी डोकं चालवलं. मागायचंच नाही. रीतच असली तर मागावं कशाला लागतं?

गावानं माझ्या नवऱ्याला फसवलं होतं, आणि कशासाठी तर एका मुलीसाठी. मला एकाच वेळी राग आला आणि गहिवरही आला. रागाला आधी वाट दिली. मी उठले, एका पोराकरवी ह्यांना चावडीतून बोलावून घेतलं आणि घरच्या गोठ्याच्या आडोशाला उभं करून सगळं सांगितलं.

हे मागे सरले. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे राहिले. त्या एका क्षणात त्यांचं वय वाढल्यासारखं मला दिसलं. मला वाटलं, कशाला तोंड उघडलं मी? झाले असते डॉक्टर. कोणता प्रोफेसर येणार होता इथे ओटी बघायला?

मी तेच म्हटलं. "कोणाला कळणार आहे? लिहून टाका."

"तुला कळलं ना," हे म्हणाले.

"मी कुठे परीक्षक आहे?"

"तूच तर आहेस." मग म्हणाले, "मी चावडीत जाऊन सांगतो, ही रीत खोटी आहे, मी लिहिणार नाही. माझी चेष्टा केली ती केली, पण उद्या यावर कोणी दावा लावला तर ती पोर तोंडघशी पडेल."

"तेवढं नका करू साहेब."

मागे पुंजाराम उभे होते. बैलाला पेंड घालायला आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. उंच, हाडाचे, आवाज मात्र हळू.

"तुम्हाला ठाऊक होतं?" ह्यांनी विचारलं. "रीत खोटी आहे हे? ती तुमच्याच शेताच्या मुळावर आहे हे?"

"ठाऊक व्हतं की. पाटलाला वाटतंय त्यानं मला गुंडाळलं. गुंडाळू दे."

"मग तुम्ही का सांगितलं मला, अशी रीत आहे म्हणून? तुम्हीच तर पहिल्यांदा मान हलवली."

पुंजारामांनी पेंडीचं टोपलं खाली ठेवलं. "दादानं तोंडानं मागितलं असतं तर तव्हाच दिलं असतं. पण दादा मागणार न्हाई. मी आपून व्हऊन दिलं तर धाकट्यानं भीक घातली म्हणून घेणार न्हाई. लई वरसं मी इचार करून राह्यलो, हे द्यायचं कसं. मंग तुम्ही आलते. म्हटलं, रीतच हाय म्हटल्यावर दादाला घ्यावं लागंल, आन्‌ मला द्यावं लागंल. दोघांची मान वर राहती. आता तुम्ही चावडीत खोटी म्हटले, तर दादा शेताला हातबी लावणार न्हाई."

मी पेंडीचं टोपलं बैलापुढे सरकवलं.

"पण पुंजाराम," हे म्हणाले, "मी खोटं लिहू शकत नाही."

"लिहू नका ना. आम्ही कुठं वाचणार हाओत? फकस्त खोटी म्हणू नका."

चावडीत सगळं गाव जमलं होतं. कारभारी पाटील मिशीला पीळ देत मध्ये बसलेले, रखमाजी एका कडेला खांबाला टेकून, दुर्गाचा नवरा आणखी मागे. आज वकिलानं बायकोलाही आणलंय म्हटल्यावर बायकाही दाराशी येऊन थांबल्या. हे उभे राहिले. माझा जीव टांगणीला लागला. ह्यांना खोटं बोलता येत नाही हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. माझी आमटी कशी झालीय ते त्यांनी खरं खरं सांगितलं होतं.

"तुम्ही मला रीत सांगितलीत," हे म्हणाले. "पण आमच्या शास्त्रात ऐकलेल्याला फार किंमत नाही. मी ती पाहिलेली नाही. गावात नुकताच घरजावई आणलेली मुलगी आहे. तर मला ती रीत दाखवा."

कारभारी पाटलांची मिशी खाली आली. रीत सांगणं सोपं होतं, करायची कशी यावर कोणी विचारच केला नव्हता. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि एका पोराला म्हणाले, "जा रे, नदीकाठच्या शेतातून वंजळभर माती आण."

"थांबा," मी म्हणाले. चावडीत बाईनं बोलायची पद्धत नव्हती, पण वकिलाच्या बायकोचे चार गुन्हे माफ असतात. "पाटील, तुमच्या सांगण्यात थोडी चूक झाली. चतुराबाई म्हणाल्या, ओटी मातीची नसते. त्याच शेतातल्या ज्वारीची असते. आणि ती पंच भरत नाहीत, चुलती भरते."

चुलती भरते हे कोणी म्हटलं नव्हतं. ते मी घुसडलं. चतुराबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही दोघी एकाच घरात वाढलोय.

"बराबर," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पुरुषांला काय कळतंय ओटीतलं?"

पाटलांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "तेच तर म्हणतो मी," ते म्हणाले. "बायकांच्या गोष्टी. आमची जरा गफलत झाली."

चतुराबाईंनी घरून सुपात ज्वारी आणली. दुर्गाला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, आणि पसा भरभरून ज्वारी तिच्या पदरात ओतली. नदीकाठचं शेत, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. देणं काय असतं ते त्या बाईला पुरतं ठाऊक होतं. ते शेत त्यांच्या दोन मुलांच्या वाट्यातलं जात होतं. दुर्गा रडायला लागली आणि चतुराबाईंनी तिला दटावलं, "रडू नगं, दाणे भिजतील."

रखमाजी खांबाचा आधार सोडून उभे राहिले. भावाकडे न बघता म्हणाले, "रीत हाय म्हणून घेतो."

"रीत हाय म्हणून देतो," पुंजाराम म्हणाले.

दोघेही रडत होते आणि दोघेही दुसरीकडे बघत होते. मीही रडले, आणि माझी तर शेताशी काही सोयरीक नव्हती.

परत येताना दमणीत हे वहीची पानं चाळत होते. मग म्हणाले, "एकदाच घडलेल्या गोष्टीला रीत म्हणत नाहीत. ती जुनी असावी लागते."

"होईल की जुनी."

"माझ्या मुदतीत नाही होणार."

त्यांनी पाचवं प्रकरण काढून टाकलं. मी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, की आता तर डोळ्यांनी पाहिलीत, आता लिहायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "पाहिलं ते खरं आहे. पण बापजाद्यापासूनची आहे असं लिहिल्याशिवाय तिला अर्थ नाही, आणि ती परवाची आहे हे लिहिलं तर दुर्गाचं शेत जातं. तेव्हा काहीच लिहायचं नाही." प्रबंध चार प्रकरणांचा गेला आणि परत आला. परिश्रम दिसतात, नवीन काही नाही, असा परीक्षकांचा शेरा होता. वाटलं तर सुधारून पुन्हा पाठवावा. ह्यांनी तो कपाटात ठेवला. मी त्या परीक्षकांना मनात अशा शिव्या दिल्या की आमच्या गल्लीतल्या हमालांनी कान धरले असते. नवीन काय, ते माझ्या नवऱ्याने सगळ्या हिंदुस्थानात एकट्याने पाहिलं होतं.

मध्ये बरीच वर्षं गेली. सासरे गेले, मुलं मोठी झाली, लढाई आली आणि रॉकेल मिळेनासं झालं. हे जालन्यातले एक चांगले वकील म्हणून ओळखले जात होते, आणि तेवढंच. कधीकधी मी विचारायची, वाईट वाटतं का? ते म्हणायचे, छे. त्यांना खोटं बोलता येत नाही हे मी वर सांगितलंच आहे. हे एकच खोटं ते बोलायचे, आणि तेही धड जमायचं नाही.

एके दिवशी सकाळी भोकरदनच्या पलीकडच्या एका गावाहून धर्मराज नावाचा शेतकरी कज्जा घेऊन आला. मी आतल्या दाराशी गहू पाखडत होते, सगळं ऐकू येत होतं. धर्मराजचा चुलता वारला होता. शेत एकत्र होतं, पण चुलत बहीण त्यातला मळा सोडायला तयार नव्हती.

"म्हणती, आमच्यात रीत हाय," धर्मराज म्हणाला. "घरजावई आणला की पोरीची ओटी भरतेत, मंग ते रान पोरीचं. साक्षीला म्हातारे आणून राह्यली. ते म्हणतेत, बापजाद्यापासूनचं हाय. साहेब, तुम्ही रीतींवर लई शिकलेले हाओत म्हणून आलो. ही रीत खोटी पाडून द्या."

माझं सूप थांबलं.

"ओटी कशाची भरतात?" ह्यांनी विचारलं. आवाज अगदी जपून.

"ज्वारीची. त्याच रानातल्या."

"भरतं कोण?"

"चुलती भरती."

"या मुलीची चुलती कोण?"

धर्मराज घुटमळला. "माझी मायच की."

"मग तुमच्या आईनं भरली?"

"भरली. मी इचारलं, कशाला भरली? तर म्हणती, येड्या, रीतच हाय. आपल्या आज्याच्या टायमापासून हाय."

सगळ्या जिल्ह्यात ही रीत किती जुनी आहे हे ठाऊक असलेला माणूस ओसरीवर बसला होता, आणि चुलती भरते ही अट जिनं घातली ती बाई दाराआड.

"धर्मराज," हे म्हणाले, "ही रीत आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. दावा लावू नका. बहिणीचं बहिणीला राहू द्या."

"पण साहेब, जुनी हाय का खरंच?"

"तुमच्या आईपेक्षा मला जास्त माहिती नाही."

धर्मराज पागोटं सावरत उठून गेला. गेला तो रागाने नाही. आईशी भांडायचं टळलं म्हणून त्यालाही बरंच वाटलं असावं.

हे आत आले. हातात कपाटातला तो प्रबंध होता, धूळ पुसायचंही भान नव्हतं.

"ऐकलंस? हसनाबादपासून तिथवर पोचली. मधल्या गावांतही असणार. कोणी सांगितली, कोणी कशी बदलली, कोणाला ती कधीपासून आजोबांची वाटायला लागली, हे सगळं शोधता येईल. गावांची नावं गाळून लिहू, कोणाचं शेत जाणार नाही. रीत जुनी कशी होते, हे आजवर कोणी लिहिलेलं नाही." मग एकदम अवघडून म्हणाले, "पण आता या वयात लोक हसतील."

"हसू द्या," मी म्हटलं. "रविवारी दमणी सांगा. आणि या खेपेला आधी मी चुलीपाशी जाणार, तुम्ही नंतर चावडीत."

हे हसले. डोक्यावर काळा केस औषधालाही उरला नव्हता, आणि हसताना कॉलेजातून नुकताच आलेला वाटत होता माझा नवरा. मी गहू तसेच ठेवले आणि दोघांची वळकटी बांधायला घेतली.